रात्री कॅमेऱ्याचं चित्र पांढरं पडतं? परत येणारा उजेड शोधा

दिवसा फाटकाशी उभ्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि रात्री त्याच कॅमेऱ्यात पडद्यावर दूध सांडल्यासारखं होतं. "नाइट व्हिजन गेलं, नवीन घ्या" हा सल्ला लगेच मिळतो. तो ऐकून पैसे घालवायच्या आधी एवढं लक्षात घ्या की बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. त्याने स्वतःच टाकलेला उजेड कुठेतरी जवळच आपटून त्याच्याच डोळ्यात परत येत असतो. तो कुठून येतो हे एकदा कळलं की दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांत होते, कधी नुसत्या ओल्या फडक्याने.

होतं काय

अंधार पडला की कॅमेऱ्याच्या आत 'टक' असा बारीक आवाज येतो. लेन्स आणि सेन्सर यांच्यामधली इन्फ्रारेड (आयआर, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा उजेड) अडवणारी काच बाजूला सरकते, चित्र कृष्णधवल होतं आणि लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड एलईडी पेटतात. घरगुती कॅमेऱ्यांत हे एलईडी साधारणपणे ८५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचे असतात. जवळून पाहिलं तर मंद लालसर ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे एलईडी डोळ्याला अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सरलाही ती लहर कमी जाणवते, म्हणून त्यांचा पल्ला बराच तोकडा असतो.

आता अंतराचा हिशेब. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. फाटक १० मीटरवर आणि भिंतीचा कोपरा अर्ध्या मीटरवर असेल, तर कोपऱ्यावर फाटकाच्या ४०० पट उजेड पडतो. तेवढा उजेड पाहून कॅमेरा एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) खाली आणतो, की फाटक गेलं काळोखात. शिवाय जवळून आलेला उजेड लेन्सच्या आणि कव्हरच्या आत पसरून सगळ्या चित्रावर पांढरट साय धरतो. कोळ्याचा एक धागा लेन्ससमोर दोन सेंटिमीटरवर असला तरी तो दोरखंडासारखा चमकतो, तो याच हिशेबाने.

चित्रच सांगतं दोष कुठे आहे

शिडी लावायच्या आधी रात्रीचं रेकॉर्डिंग पाच मिनिटं नीट बघा.

सगळं चित्र सारखंच धुरकट असेल तर दोष कव्हरमध्ये आहे: तेलकट बोटं, धूळ, आतली वाफ, किंवा लेन्सभोवतीची रबरी कडी सरकलेली. एकच बाजू किंवा वरची पट्टी पांढरीफटक असेल तर भिंत, छज्जा, पाइप किंवा फांदी. ठिपक्यांची गोल माळ दिसत असेल तर तुम्ही कव्हरमध्ये उमटलेलं एलईडींचं प्रतिबिंब पाहताय. हलणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या म्हणजे जाळं. मऊ कडांचे पांढरे गोळे तरंगत जात असतील तर ते लेन्सजवळून उडालेले किडे, धूळ नाहीतर पावसाची भुरभुर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यरात्री फिरणारी 'जिन्यातलं भूत' छापाची क्लिप बहुधा याच जातीची असते.

दोन गोष्टी चकाकीसारख्या वाटतात पण चकाकी नसतात. चित्र पांढरं नाही, फक्त अस्पष्ट आहे, तर तो फोकसचा दोष. इन्फ्रारेड उजेड साध्या लेन्समध्ये जरा वेगळ्या जागी एकवटतो, त्यामुळे दिवसा लावलेला फोकस रात्री सुटतो. फोकस हाताने फिरवता येणारी लेन्स असेल तर तो रात्री लावावा. दुसरी गोष्ट, आयआर पेटल्यावर कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. तिथे वीज कमी पडते आहे, ॲडॅप्टर आणि वायर तपासा.

तीन चाचण्या

अंधार पडल्यावर, दोघांनी करायचं काम. एकजण शिडीवर, दुसऱ्याच्या हातात मोबाइलवरचं थेट चित्र. ॲपमध्ये चित्र दोन-चार सेकंद उशिरा येतं आणि एक्स्पोजर स्थिरावायला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर दहा सेकंद थांबा. घाई केली की चुकीच्या गोष्टीवर खापर फुटतं.

पहिली चाचणी: सेटिंगमध्ये डे-नाइट मोड हाताने 'नाइट' किंवा 'ब्लॅक अँड व्हाइट' करा आणि आयआर बंद करा. मग कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला उभं राहून मोठ्या टॉर्चने अंगणावर उजेड टाका. टॉर्च कॅमेऱ्याकडे वळवू नका. चित्र स्वच्छ आलं तर दोष कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उजेडाचाच आहे. तरीही धुरकट राहिलं तर लेन्सवरच घाण किंवा ओल आहे. आयआर बंद करायची सोयच नसेल तर बुलेट (लांबट नळीसारख्या) कॅमेऱ्याच्या एलईडींवर काळी इन्सुलेशन टेप लावून हेच करता येतं.

दुसरी: डोम (घुमटाच्या आकाराचा) कॅमेरा असेल तर आयआर चालू ठेवून पारदर्शक कव्हर काढा. साय गेली? मग कव्हर किंवा आतली कडी. गेली नाही? बाहेर बघा.

तिसरी: कॅमेरा भिंतीपासून किंवा छज्जापासून दूर, मोकळ्या जमिनीकडे २०-३० अंश वळवा. चित्र एकदम सुधारलं तर अडथळा बाहेर आहे आणि तो कुठल्या बाजूला आहे हेही कळलं.

या तीन चाचण्यांना वीस मिनिटं लागतात. त्या न करता सेटिंग चाळत बसलात तर आठवडा जातो.

डोम: सगळ्यात जास्त त्रास इथे

डोम कॅमेऱ्यात लेन्स आणि एलईडी एकाच पारदर्शक घुमटाखाली असतात. एलईडीचा उजेड घुमटाच्या आतल्या बाजूला आपटून लेन्सकडे जाऊ नये म्हणून लेन्सभोवती काळ्या फोमची किंवा रबराची कडी असते. ती घुमटाला आतून सगळीकडून टेकलेली हवी. हीच कडी बसवताना तिरकी होते, गळून डब्यातच राहते, किंवा चार-पाच उन्हाळ्यांनंतर फोमचा भुगा होतो.

काम असं करा:

१. वीज काढा. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) असेल तर नेटवर्क केबल रेकॉर्डरकडून काढा, नसेल तर ॲडॅप्टर. आतली सर्किटची पट्टी हात लागून जळण्याचा धोका छोटा असला तरी फुकटचा आहे.

२. कॅमेऱ्यासोबत आलेल्या एल-आकाराच्या चावीने कव्हरचे स्क्रू सैल करा. बऱ्याच डोममध्ये ते पूर्ण निघत नाहीत, कव्हरमध्येच लटकतात. ओढू नका.

३. कव्हरवर कारखान्यातली पातळ प्लास्टिक फिल्म आहे का बघा. बांधकाम चालू असताना 'धूळ नको' म्हणून ती ठेवली जाते आणि मग सगळेच विसरतात. दिवसा तिचा पत्ता लागत नाही. रात्री तीच पांढरा पडदा होते.

४. कडी तपासा. कव्हर हलकेच जागेवर ठेवून बाजूने पाहा, कडी आणि घुमट यांत फट दिसायला नको. फट असेल तर काळा, बारीक छिद्रांचा मऊ फोम घेऊन नवी कडी कापा: आतला व्यास लेन्सच्या नळीइतका, जाडी फटीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर जास्त, म्हणजे कव्हर बसल्यावर ती किंचित दबेल. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल किंवा करडा फोम चालणार नाही. कडी लेन्सच्या काचेवर किंवा एलईडीवर येता कामा नये.

५. कव्हर धुवा. आधी हवेच्या छोट्या हातपंपाने किंवा वाहत्या पाण्याखाली धूळ उडवा. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की केसासारखे ओरखडे पडतात आणि रात्री प्रत्येक ओरखडा चमकतो. मग साध्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, स्वच्छ मायक्रोफायबर, शेवटी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी, म्हणजे क्षाराचे डाग राहणार नाहीत. बोअरच्या जड पाण्याने धुतलेला घुमट वाळल्यावर आधीपेक्षा वाईट दिसतो. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि अमोनिया असलेला काचेचा स्प्रे वर्ज्य. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि मग कव्हर फेकण्यावाचून उपाय नाही.

६. आतल्या बाजूला बोट लावू नका. बसवताना कडेने धरा. बसवल्यावर आतून उमटलेला एक अंगठा म्हणजे पुन्हा शिडी.

पावसाळ्यात आत वाफ धरत असेल तर नुसतं पुसून ती दोन दिवसांत परत येते. पाणी येतंय कुठून ते बघा: रबरी गॅस्केट खाचेत नीट आहे का, केबलच्या भोकाची टोपी घट्ट आहे का, केबल भिंतीवरून उतरून सरळ कॅमेऱ्यात शिरते का. केबलला कॅमेऱ्याच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळतात, आत जात नाहीत. कॅमेरा कोरड्या दुपारी उघडून सुकवा, सिलिका जेलची छोटी पुडी लेन्सच्या आड येणार नाही अशी ठेवा आणि मग बंद करा. फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून निघणारं ॲसिड तांब्याच्या जोडण्या खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन घ्या, आणि तेही कव्हरच्या सांध्यात नाही, फक्त भिंतीच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात. खालची फट मोकळी ठेवा, आत गेलेल्या पाण्याला वाट हवी.

डोमची एक मूळची खोड आहे, ती साफसफाईने जात नाही. घुमटाची गोलाई जिथे संपून सरळ कड सुरू होते, तिथून लेन्स बघत असेल तर कडी नीट टेकत नाही आणि कडेवर उजेड फुटतो. छताला लावलेल्या डोमला अगदी लांबचं, जवळजवळ आडवं दृश्य दाखवायला लावलं की हेच होतं. अशा वेळी कॅमेऱ्याचा पायाच तिरका करणारा ब्रॅकेट लावा म्हणजे लेन्स घुमटाच्या मधून बघेल.

बुलेट आणि टरेट

बुलेटमध्ये पुढची काच सपाट असते आणि इथेही लेन्सभोवती कडी असते. कुणीतरी उघडून पुन्हा बसवलेल्या बुलेटमध्ये ती हमखास सरकलेली सापडते. दुसरं ठिकाण म्हणजे वरचं सरकतं टोपण. पाऊस लागू नये म्हणून ते पुढे ओढलं जातं आणि मग टोपणाच्या आतल्या बाजूवरून उजेड परततो. चित्राच्या वरच्या कडेला पांढरी कमान दिसत असेल तर टोपण एक-एक सेंटिमीटर मागे घेत चित्र बघा. कमान गेली तिथे थांबा.

टरेट, म्हणजे खोबणीत फिरणारा गोळा, यात घुमट नसतो आणि लेन्स व एलईडी यांच्या खिडक्या बहुधा वेगळ्या असतात. म्हणून आतल्या परावर्तनाचा त्रास जवळजवळ नाही. छज्जाखाली नवीन कॅमेरा घ्यायचाच असेल तर डोमपेक्षा टरेट घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. डोमचा फायदा एवढाच की हात पोचेल अशा जागी तो मोडतोडीला दाद देत नाही.

भिंत, छज्जा आणि सणवार

एलईडींचा झोत चित्राच्या चौकटीपेक्षा थोडा रुंद पसरतो. म्हणून चौकटीत न दिसणारी भिंतही चकाकी देते. 'भिंत तर दिसतच नाही' असं म्हणून तिला सोडून देऊ नका.

पोर्चच्या स्लॅबखाली आत, भिंतीशी बसवलेला कॅमेरा ही नेहमीची चूक. झोत स्लॅबच्या पांढऱ्या पोटाला घासत बाहेर जातो. कॅमेरा स्लॅबच्या बाहेरच्या कडेपर्यंत, कडेपासून ५ ते १० सेंटिमीटरवर आणा, किंवा पाइप-ब्रॅकेट लावून १५-२० सेंटिमीटर खाली उतरवा. भिंतीच्या रेषेत लांब बघणाऱ्या कॅमेऱ्याला भिंतीपासून निदान १५ ते ३० सेंटिमीटर पुढे आणणारा हात लावा आणि तोंड पाच-दहा अंश बाहेर वळवा. एवढ्याने बहुतेक पांढऱ्या पट्ट्या जातात.

कॅमेरा हलवताच येत नसेल तर समोर येणारा पृष्ठभाग काळा करा. पण कुठलाही काळा चालत नाही. डोळ्याला काळे दिसणारे कित्येक रंग आणि कापडं इन्फ्रारेडमध्ये पांढरी दिसतात. फळ्याला लावतात तसा मॅट काळा रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावा, वाळू द्या, रात्री तो तुकडा कॅमेऱ्यासमोर धरा. चित्रात काळा दिसला तरच भिंतीला लावा. चकचकीत ऑइलपेंट नकोच.

झाडांचं उलटं आहे. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात, म्हणून रात्रीच्या चित्रात आंब्याचं झाड चुना लावल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्यासमोर दीड-दोन मीटरपर्यंत एकही फांदी नको. मधुमालती आणि बोगनवेल जूनमध्ये छाटलेली असली तरी ऑगस्टमध्ये पुन्हा हजर असते. पावसाळ्यात एकदा मध्येच कात्री फिरवा.

आपल्याकडच्या काही गोष्टी कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडणार नाहीत. दिवाळीत गॅलरीत टांगलेला आकाशकंदील कॅमेऱ्यासमोर झुलतो आणि चार रात्री सगळं रेकॉर्डिंग पांढरं-काळं होत राहतं. दिवाळीआधीच्या रंगकामात घुमटावर उडालेले डिस्टेंपरचे शिंतोडे वाळून बसतात. रंगारी यायच्या आधी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि काम संपल्यावर ती आठवणीने काढा. कोकणात पावसाळ्यासाठी बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडत चौकटीत येते. कौलांच्या पागोळ्या लेन्ससमोरून पडत असतील तर रात्रभर चांदीच्या तारा दिसतात आणि हालचालीचे अलर्ट थांबत नाहीत. कॅमेरा पागोळ्यांच्या रेषेच्या बाहेर काढता येत नसेल, तर वर तेवढ्यापुरती पन्हळ लावा.

खिडकीच्या काचेआडून बाहेर बघणारा कॅमेरा हा वेगळाच प्रकार. तिथे कॅमेऱ्याचा आयआर बंदच करावा लागतो आणि बाहेर दिवा लावावा लागतो. दुसरा मार्ग नाही.

कोळी

कॅमेरा उबदार, वर टोपण, बाजूला दिवा, दिव्यावर किडे. कोळ्याला आणखी काय हवं? पावसाळा सरता सरता हा उपद्रव सगळ्यात जास्त. लांब काठीला मऊ, कोरडा रंगाचा ब्रश बांधा आणि आठवड्यातून एकदा कॅमेऱ्याभोवती फिरवा, काचेवर नाही. कीटकनाशकाचा फवारा थेट कॅमेऱ्यावर मारू नका. त्यातलं द्रावण घुमटावर तेलकट थर ठेवतं, म्हणजे कोळी गेला आणि साय आली. फवारायचंच असेल तर कॅमेरा पिशवीने झाकून आजूबाजूच्या भिंतीवर फवारा.

खरा उपाय दिव्याचा आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर पांढरी ट्यूब असेल तर ती तीन-चार मीटर दूर न्या, किंवा पिवळसर उजेडाचा बल्ब लावा. किडे निळसर-पांढऱ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात.

सेटिंग: शेवटी, आधी नाही

परत येणारा उजेड तसाच ठेवून सेटिंगने चित्र सुधारत नाही. समोर भिंत असताना स्मार्ट आयआर चालू केलं तर भिंत नीट दिसते आणि फाटक गायब होतं, कारण कॅमेरा भिंतीकडे बघून एलईडी मंद करतो. चौकटीतल्या पांढऱ्या भागावर प्रायव्हसी मास्क टाकला तर तो भाग झाकला जातो, उजेड नाही.

जागेचं काम झाल्यावर मात्र सेटिंगचा उपयोग मोठा. हिकव्हिजनमध्ये इमेजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्मार्ट सप्लिमेंट लाइट' असतं, दहुआत कॅमेरा कंडिशन्सखाली 'इल्युमिनेटर' किंवा 'आयआर लाइट'. इतर कंपन्यांत नावं थोडी वेगळी, पण जागा बहुधा इमेजच्या पानावरच. क्रम असा ठेवा.

आयआरचा जोर 'मॅन्युअल' करून १०० वरून ५० वर आणा. अंगण सहा-आठ मीटरचं असेल तर ३० मीटर पल्ल्याच्या कॅमेऱ्याचा पूर्ण जोर लागतच नाही. चेहरे पांढरे न पडता फाटक दिसेल तिथे थांबा. लोक जवळ-दूर दोन्हीकडे फिरत असतील तर स्मार्ट आयआर बरं.

शटर (सेन्सर उजेड घेतो तो वेळ) १/२५ सेकंदावर ठेवा, हलणारी माणसं पुसट झाली तर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने या दोन वेगांवर दिव्यांचा लुकलुकाटही त्रास देत नाही. गेनची (सेन्सरचा सिग्नल किती फुगवायचा त्याची) मर्यादा कमाल पातळीच्या अर्ध्या-पाऊणपर्यंत खाली आणा. गेन जास्त असेल तर थोडी सायसुद्धा फुगून दिसते. दिवस आणि रात्र यांची वेगळी प्रोफाइल असेल तर रात्रीच्या प्रोफाइलमध्ये डब्ल्यूडीआर (उजळ आणि गडद भाग एकाच वेळी दाखवायची सोय) बंद करा, नाहीतर काळोखात दाणे वाढतात. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टला हात लावू नका. त्यांनी चित्र उजळ किंवा गडद दिसतं, माहिती वाढत नाही.

'टक-टक' करत चित्र रंगीत आणि कृष्णधवल असं सारखं बदलत असेल, तर परत आलेल्या उजेडाला कॅमेरा पहाट समजतोय. तो आयआर बंद करतो, अंधार होतो, पुन्हा पेटवतो. अडथळा काढा. तोवर डे-नाइटच्या फिल्टरिंग टाइमची (बदलण्याआधी कॅमेरा थांबतो ती) सेकंदं वाढवा, किंवा वेळापत्रक लावून संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसहा रात्र असं ठरवून टाका. ऋतूप्रमाणे वेळ बदलायला विसरू नका.

वेगळा आयआर दिवा

सगळं करूनही चकाकी राहिली, किंवा जागाच धुक्याची असेल, तर कॅमेऱ्याचे एलईडी बंद करून वेगळा इल्युमिनेटर लावणं हा खात्रीचा उपाय. आंबोली, महाबळेश्वर, लोणावळ्याकडे पावसाळ्यात रात्री कॅमेऱ्यासमोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याच्या कणांवरून उजेड सरळ लेन्सकडे फिरतो. उजेडाची जागा बाजूला नेली की लेन्ससमोरचं धुकं पेटत नाही. मोटारीचे फॉगलॅम्प खाली असतात तेच तत्त्व.

दिवा कॅमेऱ्यापासून १ ते २ मीटर बाजूला किंवा खाली, कॅमेऱ्याच्या थोडा पुढे. तो लेन्सच्या चौकटीत येता कामा नये. लहर ८५० नॅनोमीटर. झोताचा कोन लेन्सशी जुळवा: २.८ मिमी लेन्स साधारण १००-११० अंश बघते, ४ मिमी ८० च्या आसपास, ६ मिमी ५० च्या आसपास. रुंद लेन्ससमोर ३० अंशाचा झोत लावला तर मधे पांढरा गोळा आणि बाजूला काळोख. त्यापेक्षा ९० अंशाचा एक, किंवा ६० अंशाचे दोन दिवे.

वायरीत लोक फसतात. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा दिवा आणि ३० मीटर लांब ०.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध साधारण २ ओहम, म्हणजे २ व्होल्ट वाटेतच गेले आणि दिव्याला मिळाले १०. तो मंद पेटतो, लुकलुकतो. १ चौरस मिमी घेतली तर एकच व्होल्ट जातो. त्याहून चांगलं म्हणजे ॲडॅप्टरच वॉटरप्रूफ बॉक्समध्ये दिव्याजवळ ठेवणं. कॅमेऱ्याच्याच ॲडॅप्टरवर दिवा जोडू नका. दोघांची बेरीज त्याला पेलत नाही आणि संध्याकाळी सात वाजता दोन्ही बंद पडतात.

दिव्यात स्वतःचा प्रकाशसंवेदक असतो. तो रस्त्याच्या दिव्यासमोर आला तर आयआर पेटतच नाही. संवेदक दुसऱ्या बाजूला वळवा. पेटलाय की नाही हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा. अनेक मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवलं जातं, पुढच्यात ते बऱ्याचदा जांभळट-पांढरं दिसतं.

नंबरप्लेट

शेवटचा आणि हट्टी प्रकार. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बंधनकारक आहे आणि ती रेट्रोरिफ्लेक्टिव्ह असते, म्हणजे उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. आयआर लेन्सच्या शेजारीच असल्याने प्लेट नुसती पांढरी वडी दिसते, अक्षरं नाहीत. यात कॅमेऱ्याचा किंवा जागेचा काही दोष नाही.

अंगण आणि प्लेट दोन्ही एकाच कॅमेऱ्यात मागू नका. प्लेटसाठी फाटकाशी एक कॅमेरा वेगळा ठेवा: ६ किंवा १२ मिमी लेन्स, उंची १ ते दीड मीटर, गाडीच्या रेषेशी कोन ३० अंशांच्या आत, एचएलसी (हेडलाइटसारखा प्रखर उजेड दाबणारी सोय) चालू, शटर १/५०० पासून सुरू. एवढ्या शटरला बाकीचं चित्र काळंकुट्ट दिसेल. दिसू द्या, तिथे फक्त प्लेट वाचायची आहे. मग एक गाडी हेडलाइट लावून फाटकात हळू आणा, १/५००, १/७५० आणि १/१००० वर प्रत्येकी एकदा रेकॉर्ड करा, आणि रेकॉर्डिंग थांबवून ज्यात शेवटचे चार आकडे वाचता येतील ते शटर कायम ठेवा.